मातामाय येईपर्यंत

"मुलं किती?" शोभाताईंनी विचारलं, आणि कवडूने जराही आढेवेढे न घेता सांगितलं, "दोन."

शोभाताई म्हणजे बायकांच्या दवाखान्यात कुटुंबनियोजनाच्या टेबलाशी बसणाऱ्या बाई. फॉर्म भरून घेणं हे त्यांचं काम होतं, आणि समोरच्याला तो किती बावळट आहे हे दाखवून देणं ही त्यांची आवड. त्यांनी दौतीत बुडवलेला टाक तसाच वर धरला आणि कवडूकडे पाहिलं. छत्तीस वर्षांचा माणूस, तोंडावर देवीचे वण, हाताच्या बोटांना मागावरच्या रंगाचे डाग.

"दोन मुलांवर ऑपरेशन होत नाही," त्या म्हणाल्या. "चार जिवंत मुलं पाहिजेत, असा नियम आहे. आणखी दोन होऊ द्या, मग या."

"पन डॉक्टरीनबाई म्हनल्या का पुढचं बाळंतपण माह्या बायकोले झेपनार नाई."

"मग सांभाळून राहा," शोभाताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

आता कवडू खोटं बोलला का? तर नाही. खोटं बोलायला लागते तेवढी चलाखी त्याच्या अंगात नव्हती. त्याच्या घरी त्या वेळी सात पोरं नांदत होती हेही तितकंच खरं. थोरला श्रावण सोळा वर्षांचा, सगळ्यात धाकटी आठ महिन्यांची. पण त्याच्या घरात पोरं मोजायची रीत वेगळी होती, आणि ती रीत त्याच्या आईने, भागीरथाबाईने घातलेली होती. पोराला देवी येऊन गेल्या, अंगावरच्या खपल्या पडल्या, आळीच्या तोंडाशी असलेल्या मातामायच्या, म्हणजे देवी आणणाऱ्या मायच्या, ठाण्यावर दहीभाताचा निवद दाखवून झाला, म्हणजे ते पोर घरातलं. मग त्याला चांगलं नाव ठेवायचं आणि मग त्याला मोजायचं. तोवर ते मातामायचं. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून कोण सांगेल?

तांडापेठेतल्या विणकरांच्या त्या आळीत पूर्वी बहुतेक घरांत थोडीफार अशीच चाल होती. श्रावण आणि इंदू या पहिल्या दोघांना सन शेचाळीसच्या साथीत देवी आल्या, दोघंही वाचली, त्यांना नावं मिळाली. त्यानंतरची पाच पोरं स्वातंत्र्यानंतरची. त्यांना मातामायची दृष्ट लागू नये म्हणून घाणेरड्या नावांनी हाका मारत. उकंडा, धोंडी, कचऱ्या, दगडी आणि चिंधी. पुढे त्यांना देवी आल्या असत्या म्हणजे ही नावं टाकून देता आली असती. पण देवी आल्याच नाहीत. उकंडा दहा वर्षांचा घोडा झाला तरी तो उकंडाच राहिला.

देवी आल्या नाहीत, कारण कुसुमावतीने, म्हणजे कवडूच्या बायकोने, एकेका पोराला काखेत मारून कार्पोरेशनच्या टिकेवाल्याकडे, म्हणजे लस टोचणाऱ्याकडे, नेलं होतं. तिला त्यातलं काही फार कळत होतं असं नाही. माहेरी तिच्या तीन बहिणी एका आठवड्यात गेल्या होत्या, एवढंच तिला पक्कं आठवत होतं. भागीरथाबाईने तिला अडवलं नाही. सरकारी माणूस दंडाला ओरखडे काढतो, काढो. मातामाय काय सरकारच्या बापाला भिते थोडीच, असं तिचं मत होतं.

कुसुमावती तपासणीच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा कवडू पायरीवर बसला होता. नियमाची गोष्ट ऐकून ती आधी घाबरली. मग तिने विचारलं, "तुमी किती सांगतले?"

"दोन."

"अन् बाकीचे पाच काय शेजाऱ्यायचे हायेत?"

"माय म्हनते न..."

"माय म्हनते," कुसुमावती म्हणाली, आणि घराच्या वाटेला लागली. कवडूच्या मागून चालायची तिची सवय होती. त्या दिवशी ती पुढे चालली.

तिला राग येणं साहजिक होतं. चिंधीच्या वेळी ती दोन दिवस बेशुद्ध होती. रक्ताने घोंगडी भिजून खालची जमीन ओली झाली होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कवडूला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की आता पुन्हा दिवस राहिले तर बाळ राहील की नाही ते सांगता येत नाही, पण ही राहणार नाही. अंगात रक्त भरलं की घेऊन या, कायमचा बंदोबस्त करून टाकू. बायकोवर त्याचा जीव होता, आणि तो कसा दाखवायचा हे त्याला कधी कळलं नव्हतं. दवाखान्यातून आल्यापासून कुसुमावती पोरांच्या पलीकडे अंथरूण घालत होती. पण दोन खोल्यांचं घर, त्यातली एक खोली मागांनी खाल्लेली, आणि नवराबायको दोघंही जितीजागती. असं किती दिवस चालणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात ती दोघं पुन्हा शोभाताईंच्या टेबलापाशी उभी राहिली.

"मुलं किती?"

"सात," कवडू म्हणाला. हा आकडा त्याने जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढला होता, आणि तो काढताना त्याने टेबलाच्या लाकडाला हात लावला.

शोभाताईंनी मागचा कागद काढला. "गेल्या मंगळवारी दोन होती. आठ दिवसांत पाच झाली?"

रांगेतल्या बायका हसल्या. कवडूची कानशिलं तापली. कुसुमावतीने पुढे होऊन सगळं समजावून सांगितलं. शोभाताईंनी ते न ऐकल्यासारखं ऐकलं आणि म्हणाल्या, "नावं सांगा."

"श्रावण. इंदू. उकंडा. धोंडी. कचऱ्या..."

"पुरे," शोभाताईंनी टाक खाली ठेवला. "माझी थट्टा करता? कचरा, धोंडा, उकिरडा. उद्या केरसुणी म्हणाल. ही काय नावं झाली? ऑपरेशनसाठी खोटी मुलं सांगणारे तुम्ही पहिले नाही. खरी नावं एका कागदावर लिहून आणा. शाळेच्या मास्तरची सही आणा, आणि घरातल्या मोठ्या माणसाचा अंगठा. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर माझा भरवसा नाही."

त्यात त्यांचं फारसं चुकलं असं म्हणता येणार नाही. दोनदा विचारून दोन उत्तरं देणाऱ्या माणसावर कोण भरवसा ठेवील?

तर आता अडचण अशी झाली की पाच पोरांना नावं हवीत. नाव ठेवायचा मान आत्याचा. कवडूला बहीण नव्हती, म्हणून थोरल्या दोघांची नावं भागीरथाबाईनेच ठेवली होती. आणि मातामाय येऊन गेल्याशिवाय ती नाव ठेवणार नाही.

कवडूने दोन दिवस शब्द जुळवले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, ती चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असताना, विषय काढला. भागीरथाबाई तेव्हा त्रेसष्टची होती. अंगाने चिपाड, पण हाताचा धागा कधी तुटायचा नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दोन पोट्ट्यायवर कोनी थांबते का गा?" ती म्हणाली.

"सात हायेत न माय."

"पाच मातामायचे हायेत. ते ती उद्या नेईन तर तू काय करशीन? तवा तुही बायको सरकारनं शिवून ठेवलेली राहीन."

"अन् ती मेली तर?"

चरखा क्षणभर थांबला. "बाळंतपणात बाया मरतेतच," ती म्हणाली. "मी नाई मेली." आणि पुन्हा फिरवू लागली.

हे ऐकून कोणाला वाटेल की बाई दगडाची होती. तसं नव्हतं. चिंधीच्या वेळी सून बेशुद्ध होती तेव्हा तिच्या पायाशी दोन दिवस पाण्यावाचून बसलेली हीच. पण तिचा हिशोब तिला कोणी शिकवला नव्हता, तो तिच्यावर येऊन आदळला होता. तिच्या पोटी कवडूच्या आधी काही पोरं झाली होती, हे आळीला ठाऊक होतं. त्याच्या नावावरूनच कोणीही ओळखावं. मागची जगत नाहीत म्हणून हे पोर जन्मल्या दिवशी शेजारणीला एका कवडीला विकलं होतं आणि तिचंच म्हणून तिच्याकडून सांभाळायला घेतलं होतं. चौथ्या वर्षी त्याला देवी आल्या आणि तो वाचला, तरी त्याचं नाव बदलायचा धीर तिला झाला नाही. आधीची किती, हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, एक हाये न मले. कवडूला वाटायचं, दोन असतील. फार तर तीन.

गणपतराव गुरुजी दोन घरं सोडून राहायचे. कार्पोरेशनच्या शाळेत पंचवीस वर्षं पहिली-दुसरी शिकवून त्यांचा आवाज कायमचा बसला होता. कवडू त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला आणि त्याने सगळी रामकहाणी सांगितली.

"तुझी माय वेडी नाही," गुरुजी म्हणाले. "मी नोकरीला लागलो तेव्हा पहिलीच्या हजेरीत साठ नावं असायची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पंधरा-सोळा नावांवर रेघ मारावी लागे. कोणी देवीने, कोणी हगवणीने, कोणी हिवतापाने. बाया तिच्या हिशोबाने वागल्या नसत्या तर तिच्या पिढीत आळी रिकामी झाली असती."

"अन् आता?"

"आता रेघ मारायला पोरंच मरत नाहीत. नळाचं पाणी आलं, ती मच्छरांवरची फवारणी आली, टीका आली. शाळा दोन पाळ्यांत भरते तरी पोरं व्हरांड्यात बसतात. विलायतेत म्हणे असंच झालं होतं. आधी मरण कमी होतं, आणि ते कमी झालं यावर माणसांचा विश्वास बसायला एक पिढी जाते. तेवढ्या काळात घरं भरून जातात." त्यांनी मागे घराच्या दाराकडे बोट केलं. "मी मास्तर असून मला सहा आहेत कवडू. मी कोणाला शिकवू?"

सही करायला ते तयार होते, पण आधी नावं पाहिजेत म्हणाले. नसलेली नावं मी कशी लिहू?

आणि मग चैत्रात मातामाय आली.

रुपराव म्हणून समोरच्या घरात नवीन भाडेकरू होता, पारशिवनीकडचा, मिलमध्ये लागलेला. त्याच्या सहा वर्षांच्या पोराला टीका टोचलेली नव्हती. ताप आला आणि चौथ्या दिवशी अंगभर फोड उठले. दारावर कडुलिंबाचा डहाळा लागला. आळीतल्या बायका पायांतल्या वाहणा काढून हातात घेऊन त्या घरासमोरून जाऊ लागल्या. घरात फोडणी बंद झाली, कपडे आपटून धुणं बंद झालं, कारण आवाजाने आणि वासाने मातामाय रागावते.

भागीरथाबाईच्या तोंडावर मात्र तेज आलं. खरंच आलं. बारा वर्षं ती या पाहुणीची वाट पाहत होती. दुसऱ्या दिवशी कुसुमावती नळावर गेलेली असताना तिने पाचही पोरांना आंघोळ घातली, चिंधीला कडेवर घेतलं, बाकीच्या चौघांना पुढे घातलं आणि रुपरावच्या घरी नेऊन त्या पोराच्या बिछान्याभोवती बसवलं. त्याच्या अंगावरून उतरवलेल्या दहीभाताचा एकेक घास पाचांच्या तोंडात घातला. पदर पसरून म्हणाली, "आली हायेस त माह्याबी घरी ये. पाच हायेत. पाहून घे अन् काय ते सांग. लय दिवस लटकवून ठेवलं तू."

तिला पोरांचं वाईट करायचं होतं का? मुळीच नाही. लग्नाची मुलगी पाहुण्यांना दाखवून एकदाचं हो की नाही ऐकून घ्यावं, तसं तिला ते ऐकून घ्यायचं होतं. पाचांपैकी कोण आपलं आणि कोण नाही हे तिला एकदा कळायला हवं होतं, म्हणजे मग जीव लावता आला असता.

कुसुमावती घागर घेऊन आली तेव्हा पोरं रांगेने त्या दारातून बाहेर पडत होती. कचऱ्याच्या ओठाला दहीभात लागला होता. तिने घागर खाली ठेवली. एकेक पोर ओढून तिने दंड उघडा केला आणि टिकेची खूण बोटाने चाचपली. उकंडा, धोंडी, कचऱ्या, दगडी यांच्या दंडांवर जुने वण होते. चिंधीची खपली पडून अवघे वीस दिवस झाले होते. तिथे तिचं बोट बराच वेळ राहिलं.

"लागलीये न टीका," कवडू म्हणाला. त्याचं त्यालाच ते खरं वाटत नव्हतं. स्वतःच्या तोंडावरचे वण तो रोज हाताने चाचपत होता, त्याचा विश्वास त्यांच्यावर होता.

देवी लागल्या तर एकवीस दिवसांत दिसतात; ते दिवस त्या घराने कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही. कवडूचा धोटा मागावर अडखळायचा. लुगड्याची किनार दोनदा उसवावी लागली. सकाळी उठला की तो पाच कपाळांना हात लावायचा. आठव्या दिवशी दगडीचं अंग तापलं आणि तो माग सोडून दिवसभर तिच्या उशाशी बसला. ते उन्हाचं निघालं, संध्याकाळी ती कैरी मागत बसली. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की या पाचांना आपण मोजत नव्हतो ते फक्त तोंडाने. पोटात ती कधीचीच मोजलेली होती. आणि आपण इतकं घाबरतो याची त्याला लाज वाटली नाही.

समोरचा रुपरावचा पोरगा वाचला. त्याच्या खपल्या पडल्या, एक डोळा अधू झाला, पण वाचला. आळीत आणखी तिघांना देवी आल्या, तिघंही बिनटिकेची. भागीरथाबाईच्या दारावर लिंबाचा डहाळा लावायची वेळ काही आली नाही. एकवीस दिवस झाले, बावीस झाले, आणि चिंधी कोणाच्या तरी कडेवर आणि बाकीची चौघं आळीत विटीदांडू खेळत, भांडत, एकमेकांच्या झिंज्या ओढत फिरत होती.

यावर भागीरथाबाईला आनंद व्हायला हवा होता. तिला झाला नाही. ती ठाण्यासमोर जाऊन बसायची आणि घरी येऊन काही खायची नाही. "समोर आली," ती म्हणायची, "अन् माह्या दाराकडे पाह्यलंबी नाई. काहून? काय चुकलं माहं?"

तेविसाव्या दिवशी दुपारी कुसुमावती तिच्यासमोर येऊन बसली. लग्न होऊन अठरा वर्षांत ती सासूच्या समोरासमोर अशी कधी बसली नव्हती. कवडू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याने धोटा थांबवला.

"आत्याबाई," कुसुमावती म्हणाली, "ती आता येत नाई."

"येईन. पुढल्या साली येईन."

"पुढल्या साली मी नाई राहन. तुमच्या पोराले अन् मले एका घरात राहाचं हाये. आज नाई तं सहा महिन्यानं मले दिवस जातीन, अन् मी मरन. हे डॉक्टरीनबाईनं सांगतलं तसंच मी सांगून राहिली, रडून नाई राहिली." ती खरंच रडत नव्हती. "मी मेली तं तुमच्या हिशोबानं दोन पोट्टे बिनामायचे होतीन. माह्या हिशोबानं सात होतीन. चिंधी अजून अंगावर पिते. तिले कोन पाजन? तुमी?"

भागीरथाबाई सुनेकडे पाहत राहिली. मग तिची नजर दारातून बाहेर गेली. बाहेर उकंडा चिंधीला पाठीवर घेऊन घोडा झाला होता. कवडूला वाटलं, आता ती चरखा ओढून घेईल आणि विषय संपेल.

"गुरुजीले बोलाव," ती म्हणाली.

गणपतराव दौत-टाक घेऊन आले. त्यांना पाट दिला. त्यांनी कागदावर वर तारीख घातली, श्रावण आणि इंदू अशी दोन नावं लिहिली, आणि विचारलं, "हं, भागीरथाबाई, आता तिसरा. उकंडा. नाव सुचतं का? वाटलं तर पंचांग पाहू."

"चंपत," भागीरथाबाई म्हणाली. तिने क्षणाचाही विचार केला नाही.

"धोंडी?"

"कौशल्या."

"कचऱ्या?"

"ईश्वर."

"दगडीचं यमुना," ती आपणच पुढे म्हणाली, "अन् चिंधीचं वच्छला."

कवडूने आईकडे पाहिलं. श्रावणचं नाव ठेवताना तिने चार दिवस घोळ घातला होता. ही पाच नावं कोणीतरी आत रचून ठेवल्यासारखी बाहेर आली होती. गुरुजींनी ती लिहिली, टाक पुसला आणि कागद वाळायला धरला.

"बाबन," भागीरथाबाई म्हणाली.

गुरुजींनी वर पाहिलं. "बाबन कोण?"

"भीमा. नानाजी."

"पाच झाली, बाई. पोरं पाचच आहेत."

"हे बी लिहा," ती म्हणाली. तिचा आवाज एरवीसारखाच होता, कांड्या किती भरल्या ते सांगतानाचा. "चंपत दीड वर्साचा होता. चालाले लागला होता. कौशल्या चाळीस दिवसाची. नावं मी तवाच धरून ठेवले होते मनात. मातामाय येऊन गेली का ठेवू म्हनलं. ती घेऊनच जाये. दुसऱ्याले तेच नाव देल्लं नाई कधी, ज्याचं त्याचं राहू देल्लं. आता इथं पाच पोट्टे हायेत, तं पाच देल्ले. हे तीन उरले. यायले कोठं ठेवू?"

गुरुजींनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. कवडू मागाच्या खड्ड्यात बसून मनातल्या मनात मोजत होता. आठ. तो नववा होता. छत्तीस वर्षं तो स्वतःला तिसरा, फार तर चौथा समजत आला होता. त्याने डोळे पुसले आणि ते कोणी पाहिलं याची त्याला पर्वा वाटली नाही. भागीरथाबाईने कागदावर अंगठा उठवला आणि बोटाची शाई पदराला पुसली.

मंगळवारी सगळं बिऱ्हाडच दवाखान्यात गेलं. पोरं दाखवायला सांगितली तर पंचाईत नको, म्हणून कुसुमावतीने सातही जणांना बरोबर घेतलं. म्हातारीही आली. तिला आणि पोरांना अंगणातल्या चिंचेखाली बसवून नवराबायको आत गेली.

शोभाताईंनी कागद वाचला. बोटाने ओळी मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"आधी दोन सांगितली," त्या म्हणाल्या. "मग सात. आता ही दहा आहेत."

"सात माहे हायेत," कवडू म्हणाला. "खालचे तीन मायचे."

"म्हणजे?"

"म्हंजे ते नाईत. गेले. मायले आठ झाले होते माह्या पहिले. पाचायचे नाव माह्या पोट्ट्यायले देल्ले. तिघायचे उरले." त्याला आणखी सांगायचं होतं, पण त्याला जेवढं जमलं तेवढं झालं होतं.

रांगेतल्या बायका या वेळी हसल्या नाहीत. बाईंनी खालच्या तीन नावांवर टाक नेला. रेघ मारणार असं वाटलं, पण त्यांनी ती मारली नाही. फॉर्मवर जिवंत मुलांपुढे सात लिहिलं, कवडूची सही घेतली आणि कुसुमावतीला म्हणाल्या, "बांगड्या काढून यांच्याजवळ द्या. सिस्टर आत नेतील." मग म्हणाल्या, "घाबरू नका, बाई."

कुसुमावतीने बांगड्या कवडूच्या हातात दिल्या. जाताना ती एवढंच म्हणाली, "चिंधीले दूध पाजजा," आणि लगेच सुधारून म्हणाली, "वच्छलाले." दार लागलं.

कवडू बाहेर आला. चिंचेखाली म्हातारी उभी राहिली होती. वच्छला तिच्या कडेवर झोपली होती. पाचांतला थोरला, उकंडा, दूर फाटकापाशी, टांगे उभे होते तिकडे, घोडे पाहायला गेला होता.

"चंपत," भागीरथाबाईने हाक मारली.

पोराने वळून पाहिलं नाही. हे नाव मिळून त्याला पुरते चार दिवसही झाले नव्हते.

"चंपत," तिने पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. दर वेळी आवाज थोडा मोठा होत गेला, आणि त्यात राग नव्हता. तिची मान फाटकाकडे होती, पण ती कोणाला बोलावत होती हे पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. अंगणातली माणसं तिच्याकडे पाहू लागली.

कवडू भराभर फाटकापर्यंत गेला आणि त्याने पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी बलावून राहिली न."

"मले?" पोरगा म्हणाला. "ती तं चंपतले बलावून राहिली."

"तुलेच," कवडू म्हणाला. "जा. ओ दे तिले."